केथे कोलवित्झची रोजनिशी

शोषितांचे चित्र काढणारा कलावंत शोषितांमधलाच असावा लागतो काय? दलित साहित्याच्या चर्चेत हा प्रश्न पुनःपुन्हा निघतो. सहानुभूती वेगळी आणि भोगलेला अनुभव वेगळा, असे आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण सहानुभूतीची परीक्षा कशी करावी? त्यासाठी जर्मन चित्रकर्ती केथे कोलवित्झ हिची रोजनिशी पाहावी.

केथेचा जन्म १८६७ चा. घर सुस्थितीतले. १८९१ मध्ये डॉ. कार्ल कोलवित्झशी लग्न होऊन ती बर्लिनच्या कामगार वस्तीत आली. कार्ल कामगारांच्या विमा योजनेचा डॉक्टर. हाउप्टमानचे विणकरांवरील नाटक पाहून तिने १८९३ ते १८९७ या काळात 'विणकरांचे बंड' ही सहा मुद्राचित्रांची मालिका केली. विषय होता सायलेशियातील १८४४ चा उठाव. १८९८ मध्ये परीक्षकांनी तिच्यासाठी सुवर्णपदकाची शिफारस केली. सम्राट दुसरा विल्हेल्म याने ती फेटाळली.

एवढे नाव झालेली ही बाई १९४१ मध्ये लिहिलेल्या आठवणींत काय म्हणते? कामगारांकडे ती प्रथम वळली ती करुणेने नव्हे; त्यांचे जगणे तिला सुंदर दिसले म्हणून. त्यांचे दुःख तिला कळले ते पुढे, नवऱ्याच्या दवाखान्यात येणाऱ्या बायकांमुळे. १९०८ ते १९४३ या काळातील तिच्या रोजनिशीत या बायका येतात. त्यांची बेकारी, आजारपण आणि दारुडे नवरेही येतात.

मग १९१४ चे युद्ध आले. धाकटा मुलगा पीटर अठरा वर्षांचा. सैन्यात जायला बापाची संमती हवी होती आणि बाप देईना. केथेनेच मुलाची बाजू घेतली. त्याच ऑक्टोबरात पीटर बेल्जियममध्ये मारला गेला. पुढची कितीतरी पाने ती स्वतःला तपासते आहे. शोक करणाऱ्या आई-बापाचे शिल्प तिच्या हातून पुरे होऊन त्या दफनभूमीत बसायला १९३२ साल उजाडले. येथे दुःख परक्याचे उरत नाही. १९३३ मध्ये नाझींनी तिला प्रशियाच्या कला अकादमीतून बाहेर पडायला लावले. १९४२ मध्ये नातूही, पीटर याच नावाचा, युद्धात गेला. १९४५ च्या एप्रिलमध्ये, युद्ध संपण्याआधी काही दिवस, ती वारली.

तिचा मोठेपणा मी या कबुलीत पाहतो. आपण बाहेरून आलो, हे तिने लपविले नाही. आपल्याकडे दलितांवर कळवळ्याने लिहिणाऱ्या किती लेखकांनी असा हिशेब दिला आहे?

तरीही एक गोष्ट मला सलत राहते. माझे आई-वडील निरक्षर. आमच्या घरात पहिली वही माझी. त्यामुळे ही रोजनिशी वाचताना माझे लक्ष केथेपेक्षा दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बाईकडे जाते. तिचे दुःख केथेच्या वहीत आले, चित्रात आले. तिच्या स्वतःच्या अक्षरात मात्र ते आले नाही. प्रामाणिक सहानुभूतीचे ऋण मानावे. पण त्या बाईच्या हाती वही देण्याचे काम तिने होत नाही. ते आपले आहे.