शंभर डॉलरचा लॅपटॉप आणि चार जादा स्क्रू
(पाटी ते पडदा : लेखांक ६)

परवा सांगलीच्या विश्रामबागेत जुने लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या एका गाळ्यात बसलो होतो. वालचंद कॉलेज हाकेच्या अंतरावर, त्यामुळं पोरांच्या वापरलेल्या लॅपटॉपची तिथं कायम ये-जा. आठवीतल्या मुलीला घेऊन एक गृहस्थ आले. सेकंडहँड घेतलेला लॅपटॉप टेबलावर ठेवला तर तो डुगडुगायला लागला. बॅटरी फुगून खालचं झाकण वर आलेलं. दुकानदार म्हणाला, "अण्णा, ही बॅटरी आता येत न्हाई. मॉडेलच बंद झालंय."

ते पाहताना शाळकरी मुलांसाठीच्या शंभर डॉलरच्या लॅपटॉपचं स्वप्न आठवलं. एमआयटीच्या निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये दावोसला ते जाहीर केलं. तेव्हाच्या हिशेबानं साडेचार हजार रुपयांच्या आतबाहेर. २००६ मध्ये आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयानं त्याला नकार दिला. म्हणणं साधं होतं : आधी वर्गखोल्या आणि शिक्षक, मग यंत्रं. त्या नकाराची तेव्हा टिंगल झाली. मला तो तितकासा चुकीचा वाटत नाही.

तरीही २००७ च्या पावसाळ्यानंतर हे लॅपटॉप महाराष्ट्रात आलेच. रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट गावच्या जिल्हा परिषद शाळेत. एकशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी एकाच खोलीत, पट वीस-बावीस मुलांचा. भारतातला हा पहिलाच प्रयोग.

ते यंत्र, म्हणजे एक्सओ, हातात घेण्यासारखं होतं. हिरवं-पांढरं, डब्यासारखी मूठ असलेलं. दोन्ही बाजूंना सशाच्या कानांसारखे अँटेना. ते खाली मिटले की यूएसबीची भोकं झाकली जायची, धूळ आत जात नसे. कीबोर्ड रबराचा, सलग. रंग बंद केला की पडदा भर उन्हात वाचता यायचा, म्हणजे वर्ग झाडाखाली भरला तरी चालेल. दोन एक्सओ एकमेकांशी इंटरनेटशिवाय बोलायचे. मेमरी मात्र २५६ एमबी आणि साठवण १ जीबी; आजचा साधा स्मार्टफोनही त्याला हसेल. पहिल्या नमुन्याला पिवळं हँडल होतं, फिरवून वीज करायला. ते पुढं काढून टाकलं. किंमतही शंभरावर राहिली नाही, उत्पादन सुरू झालं तेव्हा १८८ डॉलरपर्यंत गेली.

मला सगळ्यात आवडते ती एक बारीक गोष्ट. मुठीच्या आत चार जादा स्क्रू ठेवलेले असत. साधा स्क्रूड्रायव्हर घेऊन पोरानंच यंत्र उघडावं, स्क्रू हरवला तर मुठीतला काढावा. किती शहाणपण! पण पडदा गेला, चार्जर जळाला तर कर्जतच्या बाजारात काय मिळणार? यंत्र बनवणाऱ्यानं स्क्रूचा विचार केला, दुकानाचा करायचं राहून गेलं. शिवाय तो काळ भारनियमनाचा. ग्रामीण महाराष्ट्रात वीज कधी येईल यावर दळण-कांडणाची वेळ ठरायची, तिथं लॅपटॉपच्या चार्जिंगचं काय घेऊन बसलात?

पेरू देशानं मात्र आठ लाखांहून जास्त एक्सओ वाटले. २०१२ मध्ये तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पंधरा महिन्यांनंतरही गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. विचारक्षमतेच्या काही चाचण्यांत थोडी वाढ दिसली, एवढंच. यात पोरांचा दोष नाही. त्या यंत्राचं वर्गात करायचं काय, हे गुरुजींना धड शिकवलेलंच नव्हतं. आपल्याकडंही खोकी आधी येतात आणि प्रशिक्षण पुढच्या आर्थिक वर्षात.

गाळ्यातल्या त्या लॅपटॉपची बॅटरी दुकानदारानं काढून बाजूला ठेवली, जुनी हार्ड डिस्क बदलून एसएसडी घातली आणि वर लिनक्स चढवलं. चार्जर लावल्यावर पडदा उजळला. मुलीनं आधी स्वतःचं नाव मराठीत टाइप करून पाहिलं. ते उमटलं. मग वडिलांनी विचारलं, "आन् लाइट गेली तर?"

"तर बंद," दुकानदार म्हणाला.

(पुढील लेखांकात : 'आकाश' टॅबलेट)