पट्टा पडल्यावर

दसरा उलटला की गंगाखेड तालुक्याच्या दक्षिण अंगाला असलेल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील गावे आणि तांडे हळूहळू रिकामे होऊ लागतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीचे देणे अंगावर असलेली नवरा-बायकोची जोडी, जिची गणना त्या व्यवहारात एक ‘कोयता’ म्हणूनच होते, लेकराबाळांसह आणि भांड्याकुंड्यांसह सांगली-कोल्हापूरकडील किंवा सरहद्दीपलीकडच्या बेळगावकडील उसाच्या फडांवर रवाना होते. आणि मागे राहतात ती म्हातारी माणसे, दारांवरची कुलुपे, व त्या कुलपांच्या आड, ज्वारीच्या पोत्यांशेजारी, डबल स्टँडवर चढवून ठेवलेल्या मोटारसायकली. थंड मुलखांत बर्फ पडते म्हणून लोक आपली वाहने हिवाळाभर बंदिस्त ठेवतात आणि वसंत आला की ती पुन्हा चालती करण्याचा सोहळा करतात, असे आपण ऐकतो. गोदाकाठच्या या तालुक्यात हिमवर्षाव नाही. परभणीचा पारा एखाद्या पौषात पाच-सहा अंशांच्याही खाली उतरतो, एवढीच काय ती थंडीची मजल. परंतु येथेही शेकडो गाड्या हिवाळाभर निश्चल उभ्या राहतात, कारण त्यांचे मालक गावी नसतात.

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास कारखान्यांचा पट्टा पडतो, म्हणजे गाळपाचा हंगाम संपतो, टोळ्या परततात, आणि परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या गॅरेजात या गाड्यांची रीघ लागते. तेथील बाकड्यावर बसून हे काम पाहण्याची मला सवय जडली आहे. गाडी येते तीही पाहण्यासारखी येते: हवा भरून पाहिली, किक मारून मारून पाय दुखला, शेजाऱ्याने उतारावरून ढकलून पाहिली, आणि हे सर्व उपाय थकल्यावर मेव्हण्याने आपल्या गाडीवर बसून एक पाय लांब करून तो या गाडीच्या मागच्या फूटरेस्टला लावला व दोन्ही वाहने तशीच जोडीने डोंगर उतरवून आणली. राणीसावरगाव-पिंपळदरीकडच्या वळणांवरून अशी वरात आणणे हे कसबाचे काम आहे. मोटार वाहन कायद्यात मात्र त्याला स्थान असेल असे वाटत नाही.

“मामा, गाडी उचलंना,” एवढीच मालकाची फिर्याद असते. गॅरेजचे मिस्त्री त्यावर काहीच बोलत नाहीत आणि मुख्य म्हणजे किकला पायही लावीत नाहीत. अडाणी मनुष्य प्रथम किक मारतो, जाणता मनुष्य प्रथम टाकीचे झाकण उघडून वास घेतो, हा त्यांचा दंडक आहे. ताज्या पेट्रोलचा वास नाकाला झोंबतो. चार-पाच महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा वास आंबूस, वार्निशासारखा येतो, कारण त्यातील चटकन पेट घेणारा हलका अंश टाकीच्या श्वासछिद्रातून केव्हाच उडून गेलेला असतो आणि मागे उरलेला जड अंश हवेशी संयोग पावून चिकट होऊ लागलेला असतो. मग कॉकची नळी काढून ते सारे पेट्रोल एका पांढऱ्या बाटलीत उतरविले जाते आणि बाटली उजेडात धरली जाते. वरचा भाग चहाच्या रंगाकडे झुकलेला. तळाशी गंजाची तांबूस भुकटी. आणि एखाद्या गाडीत त्या भुकटीच्याही लगत एक निराळा, वरच्या द्रवात न मिसळणारा थर स्वच्छ दिसतो.

त्या थराची कैफियत सांगण्याजोगी आहे. पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचा उपक्रम आपल्या सरकारने २००३ साली पाच टक्क्यांपासून आरंभिला; वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये पंपांवर विक्रीस येऊ लागले, आणि २०२५ पर्यंत तेच सर्वत्र रूढ झाले. हे इथेनॉल मोठ्या प्रमाणात उसाच्या मळीपासून आणि रसापासून निघते. मद्यार्काला पाण्याचा फार लळा. दिवसा तापणारी आणि रात्री निवणारी अर्धरिकामी टाकी जी दमट हवा आत ओढते तिच्यातील पाणी तो आपल्यात सामावून घेतो, आणि ते मर्यादेबाहेर गेले की पेट्रोलाची संगत सोडून पाण्यासह तळाशी जाऊन बसतो. फडावर जाणारा कोणी टाकी भरून ठेवून जात नाही. उलट गाडी बहुधा रिझर्व्हवरच उभी केलेली असते, म्हणजे पुढे ओढले जायचे ते तळचेच. तेव्हा मालक तिकडे पहाटेच्या कडाक्यात ज्या उसावर कोयता चालवीत असतो, त्याच पिकापासून निघालेले द्रव्य इकडे त्याच्या कुलूपबंद घरात त्याच्याच गाडीची टाकी आतून खात असते. मी हे एकदा बोलून दाखविले तेव्हा मालक हसला आणि मिस्त्री म्हणाले, “ऊस कुठंबी गेला तरी यायचा आपल्याच डोक्यावर.”

यानंतर प्लग काढतात. प्लगच्या छिद्रातून इंजिन ऑईलचे चार थेंब आत सोडून किक हाताने, अगदी सावकाश दाबली जाते, कारण सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा पापुद्रा इतक्या दिवसांत निथळून गेलेला असतो आणि कोरडी रिंग एकदम ओढली तर ओरखडे पडतात. पिस्टन मोकळा आहे याची खात्री पटली की प्लग त्याच्या टोपीत बसवून, त्याची धातूची बाजू इंजिनाच्या हेडला टेकवून, पुन्हा किक मारतात आणि ठिणगी पाहतात. निळी आणि टणक ठिणगी आली की अर्धा तपास संपला. पिवळी व मरगळलेली आली की प्लग बदलावयाचा. बॅटरी या वेळी मृतवत असतेच, शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा थर चढलेला असतो. परंतु किकच्या जुन्या स्प्लेंडरचे त्यावाचून अडत नाही, तिला ठिणगीचा प्रवाह मॅग्नेटोच्या कॉइलमधूनच मिळतो. १९९४ साली बाजारात आलेल्या या गाडीने खेड्यापाड्यांत जे बस्तान बसविले त्यात अशा निगरगट्टपणाचा वाटा मोठा आहे. हॉर्न वाजत नाही आणि इंडिकेटर लागत नाही, याची तक्रार तूर्त दाखल करून घेतली जात नाही.

रिकाम्या घरात निवाऱ्याला येणारे प्राणी गाडीलाही घरच समजतात. एका गाडीच्या बाजूचे झाकण उघडले तेव्हा एअर फिल्टरच्या डब्यात गोणपाटाच्या धाग्यांचे नीट गोल केलेले उंदराचे घरटे निघाले, त्यात ज्वारीची फोलपटे आणि कुरतडलेल्या तांबड्या वायरीचे तुकडे होते. आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारमाशीने चिखलाचे घर लिंपले होते. श्वास घेण्याची वाट एकाने अडविली होती आणि सोडण्याची दुसरीने.

परंतु खरे काम कार्बोरेटरचे. मिस्त्री तो सोडवून ॲल्युमिनियमच्या परातीत घेतात, खालची कटोरी उघडतात, आणि त्या कटोरीत हिवाळ्याचा सारा इतिहास साचलेला दिसतो: पेट्रोल उडून गेल्यावर उरलेला काळसर-तपकिरी राळेसारखा चिकटा, धातूवर आलेली पांढरी भुकटी, पितळी जेटच्या कडेला हिरवी झाक. फ्लोटची सुई आपल्या जागी चिकटून बसलेली असते. जेट दोन, मोठा बहुधा वाचतो, पण इंजिन सुरू होताना आणि संथ चालताना ज्याच्यातून पेट्रोल येते त्या लहान जेटचे छिद्र इतके बारीक असते की तेवढ्या राळेने ते पूर्ण बुजते, आणि मग टाकी भरलेली, ठिणगी निळी, तरीही गाडी उचलत नाही. शिकाऊ पोराने ते मोकळे करण्यास पोलादी तार घेतली तेव्हा मिस्त्रींनी ती काढून घेतली. पोलाद पितळाला कोरते, छिद्र रुंदावते, आणि गाडी जन्मभर पेट्रोल पिते. त्यांनी वायरच्या तुकड्यातून तांब्याची एकच काडी सुटी केली, ती जेटमधून मागे-पुढे हळू फिरविली, फुंकर मारली, आणि तो तांदळाच्या दाण्याएवढा जेट डोळ्याशी नेऊन आकाशाच्या दिशेने धरला. दिसले नाही. पुन्हा पेट्रोलात बुडविला, पुन्हा काडी, पुन्हा फुंकर. आणि अखेरीस “आला उजेड” म्हणून त्यांनी जेट माझ्या हातात दिला. मीही डोळ्याला लावला. त्या काळ्या नळीच्या टोकाला प्रकाशाचा एकच ठिपका होता, गोल आणि स्वच्छ.

बाकीची कामे भराभर उरकली जातात. मागच्या ड्रमला चिकटलेले ब्रेकचे लायनर ठोकून सोडविणे, तांबडलेल्या चेनला तेल, बसलेल्या टायरला हवा. क्लचप्लेटा एकमेकींना धरून बसल्या असतील तर दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून, गाडी पुढे-मागे हिसडावी लागते.

मग चोक ओढून पहिली किक बसते. दुसऱ्या-तिसऱ्या किकेला एक ठसका, निळसर धुराचा लोट, आत सोडलेल्या त्या चार थेंबांचा वास, आणि इंजिन मिसिंग मारीत का होईना चालू लागते. मिस्त्री आयडलचा स्क्रू पेचकसाने पाव-पाव फेरा फिरवीत कान लावून बसतात, आवाज एकसारखा झाल्यावरच उठतात. जुने ऑईल आधी काढीत नाहीत. गाडी तापली की ते पातळ होते आणि तळच्या घाणीसकट निघते, म्हणून मालकाला गोदावरीच्या पुलापर्यंत एक चक्कर मारून यावयास पाठविले जाते.

तो परत येईपर्यंत मिस्त्री मला जे सांगतात ते त्यालाही दरसाल सांगतात: जाताना कॉक बंद करावा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कटोरी कोरडी करावी, बॅटरीची तार सोडावी, सायलेन्सरच्या तोंडात चिंधीचा बोळा घालावा. सल्ला बिनखर्चाचा आहे. पण मुकादमाचा ट्रक रात्री येतो, अंधारातच सामान चढते, कोंबड्या आणि लेकरे मोजून घेण्याची घाई असते. त्या गडबडीत कॉकला हात लावण्याची आठवण कोणाला राहणार?

काळे ऑईल मालकाने वाया जाऊ दिले नाही. ते त्याने बाटलीत भरून मागितले, कारण घर बंद होते तेवढ्यात दाराच्या चौकटीला वाळवी लागली होती आणि तिच्यावर याच्याइतके स्वस्त औषध नाही. हिशोब झाला. पौषातच संपलेल्या विम्याचा विषय निघाला आणि लगेच मागे पडला. रोख थोडी देऊन बाकी वहीत मांडावयास त्याने सांगितले, आणि मुदत विचारली तेव्हा पोळ्याचा वायदा केला. पुढच्या हंगामाची उचल तोवर हाती पडते.