गॅरेज की आयटीआय? आधी हिशेब मांडा

दहावीचा निकाल लागला की आमच्या दुकानावर कापड कमी आणि सल्ले जास्त विचारले जातात. "पोराला गाड्यांच्या कामाला घालायचे आहे, उस्तादाकडे बसवू की आयटीआयला पाठवू?" हा प्रश्न दर वर्षीचाच. पण या खेपेस तो माझ्या धाकट्या बहिणीने विचारला. बहीण बेवा आहे, शिवणकामावर घर चालवते. मुलगा सोळा वर्षांचा, उर्दू शाळेतून दहावी पास. अशा घरात तालमीची महती सांगून भागत नाही. महिन्याला घरात किती येणार, ते सांगावे लागते.

मी कापडवाला माणूस. इंजिनातले मला काही कळत नाही, पण नफा-तोटा कळतो. समोरच्या गॅरेजच्या उस्तादांना बोलावले आणि बिलबुकाच्या पाठीवर आम्ही दोघांनी हिशेब मांडला. तोच वाचकांसाठी येथे देत आहे. गॅरेजच्या पगाराचे व खर्चाचे आकडे आम्ही अंदाजाने धरलेले आहेत. आपल्या गावचा भाव आपण त्यात घालून घ्यावा.

लोक म्हणतात, सरकारी आयटीआय जवळजवळ फुकट आहे. फीपुरते पाहिले तर ते खरे आहे. पण शिकणारा मुलगा त्या काळात कमावत नाही, हा खर्च कोणी धरतच नाही. दुकानात थान पडून राहिले तर त्यात अडकलेले पैसे आपण तोट्यात धरतो, मग मुलाची दोन वर्षे का धरू नयेत?

समजा, मुलगा आजच गॅरेजवर बसला. पहिल्या वर्षी महिना ३,००० आणि दुसऱ्या वर्षी ५,००० मिळाले, तर दोन वर्षांत ९६,००० घरात येतात. आता मोटार मेकॅनिकचा ट्रेड घ्या. तो दोन वर्षांचा आहे. फी, गणवेश, बूट, वह्या-पुस्तके मिळून वर्षाला ६,००० धरले. बल्लारपूरहून चंद्रपूरला रोज जाणे-येणे आणि चहापाणी महिना ८०० प्रमाणे वर्षातले दहा महिने धरले. दोन वर्षांचे २८,००० झाले. बुडालेली कमाई मिळवली की १,२४,००० होतात. "फुकट" शिक्षणाची खरी किंमत ही आहे. बहिणीने आकडा ऐकला आणि गप्प बसली.

आता येणे बाजू. आयटीआय झाल्यावर शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, करता येते. १९६१ च्या कायद्याखाली ही सोय आहे आणि तिला दरमहा विद्यावेतन मिळते. २०१९ च्या नियमांनी प्रमाणपत्रधारकाला किमान ७,००० ठरवले, दुसऱ्या वर्षी १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. आयटीआयची वर्षे यात मोजली जातात. म्हणून वेकोलिच्या जाहिरातींत एका वर्षाच्या ट्रेडला ७,७०० आणि दोन वर्षांच्या ट्रेडला ८,०५० असे आकडे दिसले. चालू दर अर्ज करताना विचारून घ्यावा.

तिसऱ्या वर्षी गॅरेजच्या मुलाला ७,००० मिळतील असे धरले, तर वर्षाचे ८४,००० होतात. शिकाऊ उमेदवाराचे ९६,६००. फरक जेमतेम १२,६००. चौथ्या वर्षापासून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये किंवा शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तो गॅरेजवाल्यापेक्षा महिना ४,००० जास्त मिळवू लागला, तर उरलेले १,११,४०० फिटायला आणखी दोन वर्षे चार महिने लागतात. फरक २,००० चाच पडला, तर साडेचार वर्षांच्या वर. म्हणजे सोळाव्या वर्षी दाखल झालेला मुलगा एकविसाव्या, नाहीतर तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी बरोबरीला येतो. पुढे आयुष्यभर कमाई आहे, हे कबूल. पण तोवर घराने तग धरायला हवा.

येथे उस्तादांनी एक गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. मेकॅनिक डिझेल हा ट्रेड एका वर्षाचा आहे. त्यालाही दहावी पासच लागते. त्याचा हिशेब करून पाहिला. बुडालेली कमाई ३६,०००, खर्च १४,०००, एकूण ५०,०००. दुसऱ्या वर्षी लगेच उमेदवारी मिळाली, तर ७,७०० प्रमाणे ९२,४०० येतात, गॅरेजवाल्याचे ६०,०००. म्हणजे ३२,४०० त्याच वर्षी वसूल आणि बाकी फक्त १७,६००. ते पुढच्या वर्षी सहा-आठ महिन्यांत फिटायला हरकत नाही. हातावर पोट असलेल्या घराला हा सौदा परवडतो.

शिवाय आपला जिल्हा डिझेलवर चालतो. वेकोलिचा कोळसा, गडचांदूर-आवारपूरकडचे सिमेंट, डेपोतून निघणारे सागवान, पलीकडे गडचिरोलीत सुरजागडचे लोहखनिज, सगळे ट्रकवर चढते. खेड्यांत ट्रॅक्टर आहेत. दुचाकीचे गॅरेज गल्लोगल्ली झाले, पण ट्रकचा पंप-इंजेक्टर समजणारा माणूस अजूनही शोधावा लागतो.

मात्र या सगळ्या हिशेबाची खिळी उमेदवारीत आहे. ती मिळाली नाही आणि मुलगा वर्षभर घरी बसला, तर सगळी बेरीज उलटते. म्हणून शेवटची परीक्षा होण्याआधीच मुलाने अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवावे. वेकोलि, एस.टी.ची विभागीय कार्यशाळा, सिमेंट कारखाने, मोठे सर्व्हिस सेंटर, सगळीकडे लक्ष ठेवावे. खाणीसारख्या धोक्याच्या जागी १८ वर्षे पूर्ण लागतात, हेही ध्यानात असू द्या. आमच्या भाच्याचे तेव्हा सतराच असेल, त्यामुळे वेकोलि त्याला पहिल्या फटक्यात मिळणार नाही. आणि उमेदवारी संपली की तेथेच नोकरी मिळेल, असा हक्क कायदा देत नाही.

संस्थेबद्दलही सावध राहावे. माझ्या नात्यातल्या एका मुलाने काही वर्षांपूर्वी एका खासगी संस्थेत भरपूर पैसे भरले. तेथे इंजिन एकच होते आणि तेही सुरू होत नव्हते. पैसे भरण्याआधी प्रमाणपत्र एनसीव्हीटीचे आहे का, हे लेखी विचारावे आणि वर्कशॉप स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. आपण साडी घेतानाही पदर उलगडून पाहतोच ना!

आता कोणी म्हणेल, आमचे उस्ताद शाळेत न जाता तयार झाले, मग कागद कशाला? उस्तादांनीच याचे उत्तर दिले. कार्बोरेटर होता तोवर स्क्रू फिरवून, कान लावून काम भागत होते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. दुचाकीतही फ्यूएल इंजेक्शन आले, ट्रकच्या धुराड्यात युरियाची यंत्रणा बसली. बिघाड सेन्सरमध्ये असतो आणि तो स्कॅनर लावल्याशिवाय सापडत नाही. "भाईजान, आता गाडी आवाज देत नाही, कोड देते," हे त्यांचे शब्द. स्कॅनर त्यांनी घेतला, पण त्यातले वाचायला ते शेजारच्या मुलाला हाक मारतात. उलट आयटीआयचा कोरा मुलगा गंजलेला नट सोडवताना बोल्ट तोडून ठेवतो, हेही त्यांनी सांगितले. हात गॅरेजवरच बसतो.

म्हणून आमचा तोडगा असा ठरला की मुलाने डिझेलला अर्ज करावा आणि संध्याकाळी दोन तास व रविवारी उस्तादांकडे बसावे. ते महिना १,००० देतील. जाण्यायेण्याचे त्यातून निघते.

उर्दू माध्यमाच्या मुलांच्या आईबापांना मराठीची धास्ती असते. भाच्यालाही होती. मी स्वतः उर्दू शाळेत शिकलो, मराठी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांकडून शिकलो. पिस्टन, क्लच, गिअर, बेअरिंग हे शब्द उर्दूतही तेच आणि मराठीतही तेच. अडचण येते ती मोजमापाच्या गणितात. तेवढे गणित दोन महिने आधी पक्के करून घ्यावे. काही शासकीय आयटीआयत अल्पसंख्याकांसाठी दुसरी पाळी चालते, तिची चौकशी चंद्रपूरला जरूर करावी.

ज्यांची मुले आधीच गॅरेजवर आहेत, त्यांनीही वाट संपली असे समजू नये. अनुभवी कारागिराला खासगी उमेदवार म्हणून ट्रेडच्या परीक्षेला बसता येते. अटी आयटीआयच्या कार्यालयात कळतील. पुढे स्वतःचे गॅरेज काढायचे असेल तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे विचारणा करता येते. व्याजाचा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनाशी सोडवावा. विश्वकर्मा योजनेच्या नावाने मात्र कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. २०२३ ला आलेल्या त्या योजनेच्या १८ धंद्यांत लोहार, शिंपी आहेत, मोटार मेकॅनिक नाही.

भाच्याचा ऑनलाइन अर्ज परवा भरला. पहिली पसंती डिझेल, दुसरी मोटार मेकॅनिक. बहिणीचे एकच म्हणणे होते, की वर्षभर किराणा उधार मिळाला तर बाकीचे ती पाहून घेईल. किराणावाल्याशी मी बोललो आहे.