वकीलबाईंचा पगार आणि बाळंतपणाची रजा

वाचकहो, हे सदर आरोग्याचे आहे आणि आज मी लिहिणार आहे पगाराविषयी. डॉक्टरबाईंनी आपला रस्ता सोडला की काय, असे काहींना वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा. पगार आणि हिमोग्लोबिन यांचे नाते किती जवळचे असते, हे मलाही पंचवीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर एका पेशंटने शिकवले.

ही ताई आपल्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. वय एकतीस. शिक्षण वकिलीचे. लग्नानंतर एका संस्थेत कायदा अधिकारी म्हणून नोकरीला लागली. कर्जदारांना नोटिसा काढणे, वसुलीचे दावे तयार करणे, करारनामे तपासणे हे तिचे काम. बाळंतपण माझ्याकडेच झाले. सिझेरियन करावे लागले, पण आई आणि मुलगी दोघी सुखरूप घरी गेल्या.

मुलगी सात महिन्यांची झाली तेव्हा ही ताई पुन्हा आली. चेहरा पांढरा पडलेला. जिना चढताना धाप लागते, डोके दुखते, रात्री झोप नाही, अंगावरचे दूध आटत चालले आहे, अशा तक्रारी. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.९. मी गोळ्या लिहू लागले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, गोळ्या घेते. पण एक विचारू? माझा पगार योग्य आहे का, तेवढे सांगा."

मी चमकले. मग तिने सगळे सांगितले. बाळ अकरा आठवड्यांचे असतानाच ती कामावर हजर झाली होती. "तीन महिन्यांच्या वर रजा गेली तर जागा भरावी लागेल," असे ऑफिसात तोंडी सांगण्यात आले होते. त्या भीतीने ती गेली. पुढे वर्षाची पगारवाढ झाली, ती सर्वांना मिळाली, हिला मिळाली नाही. कारण विचारले तर उत्तर आले, "या वर्षी तुम्ही होतात कुठे?" तिच्याच दिवशी रुजू झालेल्या, त्याच पदावरच्या सहकाऱ्याला आता तिच्यापेक्षा दरमहा १,२०० रुपये जास्त मिळतात.

मला आठवले, अकराव्या आठवड्यात "कामावर जाण्यास योग्य" असे सर्टिफिकेट मागायला ती आली होती. टाके भरले होते, ताप नव्हता. मी सही करून दिली. इतक्या लवकर का जातेस, हा एक प्रश्न मी विचारला नाही. त्या कागदावर सही माझी होती, म्हणून हा लेख लिहिणे मला भाग आहे.

शरीराचा हिशेब

आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला जपण्याची रीत आहे. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर यांमागे विसाव्याचा विचार होता, आणि तो योग्यच होता. गर्भाशय मूळ आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात. पण सव्वा महिना झाला म्हणजे बाई पूर्ववत झाली, असे समजू नये. बाळंतपणात अर्धा लिटरच्या आसपास रक्त जाते, सिझेरियनमध्ये त्याहून अधिक. ते भरून यायला महिने लागतात. म्हणूनच सरकारी कार्यक्रमात बाळंतपणानंतर १८० दिवस रोज लोह व फॉलिक ॲसिडची गोळी घ्यायला सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे आपल्या बहुतेक सुना बाळंतपणाला बसतात त्याच मुळी रिकाम्या झालेल्या कणगीनिशी.

दुसरी गोष्ट दुधाची. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्तन वेळच्या वेळी रिकामे झाले नाहीत तर दूध कमी होत जाते, गाठी होतात, ताप भरतो. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ऑफिसात बसणाऱ्या आईचे दूध आटले तर तो तिच्या अंगाचा दोष नव्हे, तो घड्याळाचा दोष आहे.

कायदा काय म्हणतो

मी कायद्याची जाणकार नाही. नगरच्या न्यायालयात उभी हयात घालवलेल्या एका ज्येष्ठ वकिलांना मी विचारले, आणि जे समजले ते सोप्या शब्दांत सांगते.

आपल्या देशात प्रसूती लाभाचा कायदा १९६१ साली झाला. २०१७ साली त्यात सुधारणा होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी बारा आठवड्यांची रजा २६ आठवड्यांची झाली. या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या दुकाने व आस्थापनांना ती लागू होते. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत निदान ८० दिवस काम केलेले असले पाहिजे. रजेच्या काळात सरासरी रोजच्या वेतनाप्रमाणे पूर्ण पैसे मिळतात. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तर मालकाने बाईला कामावर ठेवायचेच नाही. कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी रोज दोन सुट्या, नेहमीच्या विश्रांतीखेरीज. पन्नास किंवा अधिक माणसे असतील तिथे पाळणाघराची सोय.

इथे एक हिशेब बायकांनी जरूर करावा. २६ पैकी जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. ते सगळे आधी वापरले तर नंतर १८ उरतात, म्हणजे जेमतेम चार महिने. प्रकृती ठीक असेल तर आधीची रजा थोडी घ्यावी, म्हणजे सहा महिने अंगावर पाजता येईल. प्रकृती ठीक नसेल तर मात्र हा हिशेब बाजूला ठेवून डॉक्टरांचे ऐकावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या रजेमुळे बाईला कामावरून काढता येत नाही, तसेच तिच्या नोकरीच्या अटी तिला तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत. "जागा भरावी लागेल" हे वाक्य म्हणूनच तोंडी सांगितले जाते. कागदावर कोणी लिहून देत नाही.

मग पगार योग्य की अयोग्य?

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. छोट्या संस्थेचा चेअरमन म्हणेल, "बाईंनी काम केले नाही, त्या काळाचा पगार आम्ही दिला, त्यांच्या जागी दुसऱ्याला बसवले त्याचाही खर्च सोसला. वर पगारवाढही द्यायची?" या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत बसणाऱ्या कामगार स्त्रीचे रजेचे पैसे महामंडळ देते. इतरांचे मालकाच्या खिशातून जातात. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच मुद्दा मांडला होता. बाळंतपणाआधी व नंतर आईला विसावा मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांतात गिरणी-कारखान्यांतल्या स्त्रियांसाठी तो कायदा झाला. भार कोणी उचलावा हा प्रश्न अजूनही पुरता सुटलेला नाही. पण तो सुटेपर्यंत भार बाळंतिणीच्या पदरात टाकावा, हे उत्तर नव्हे.

पगारवाढ दोन प्रकारची असते. एक सर्वांना दरवर्षी ठरावीक मिळणारी. ती नोकरीच्या अटींचाच भाग आहे. ती केवळ रजेमुळे रोखली तर तो तोटाच. सरकारी नोकरीत प्रसूती रजेचा काळ वार्षिक वाढीसाठी धरला जातो, आणि सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून काम करणाऱ्या वकील भगिनींना तो लाभ मिळतो. दुसरी वाढ काम पाहून मिळते. तिथे बाई जितके महिने कामावर होती तितक्या महिन्यांचे काम तोलावे. रजेचे महिने शून्य धरून वर्षाची सरासरी काढू नये.

१,२०० रुपये म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. वर्षाचे झाले १४,४००. पंचवीस वर्षांच्या नोकरीत ३ लाख ६० हजार, आणि पुढच्या वाढी त्याच कमी पगारावर मोजल्या जाणार ते वेगळेच. एका बाळंतपणाची ही किंमत ती निवृत्त होईपर्यंत भरत राहणार.

काळ्या कोटातल्या बहिणी

ही ताई निदान पगारदार तरी होती. पूर्णवेळ पगारी नोकरी करायची तर वकिलाला सनद थांबवून ठेवावी लागते. म्हणून संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, शेवगाव अशा तालुका न्यायालयांत काळा कोट घालून उभ्या राहणाऱ्या बहुतेक भगिनींना पगार असा नाहीच. अशील आला तर फी, नाही तर सिनियर देतील ते. वकिलाचे कार्यालय हे दुकाने व आस्थापना कायद्यातले व्यापारी आस्थापन नव्हे, असा निकाल केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ सालीच दिला आहे. दिल्लीत विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरील एका वकील भगिनीला प्रसूती लाभ द्यावा असे तिथल्या उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने २०२३ मध्ये म्हटले, पण २०२४ मध्ये खंडपीठाने तो निर्णय फिरवला. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ साली कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे सुचवले. पण ती सूचना आहे, सक्ती नाही.

कॉर्नेलिया सोराबजी आपल्या शेजारच्या नाशिकच्या. १८६६ चा त्यांचा जन्म. कायदा शिकूनही वकिलीचे दार स्त्रियांना उघडायला १९२३ चा कायदा व्हावा लागला. दार उघडून शंभर वर्षे झाली, पण पाळण्याची दोरी एका हातात आणि वकीलपत्र दुसऱ्या हातात असलेल्या बाईसाठी आत बसायला जागा अजून अपुरीच आहे. बार रूमच्या एका कोपऱ्यात पडदा आणि खुर्ची एवढी सोय जरी झाली, तरी कितीतरी बाळांना दुपारचे दूध मिळेल.

हे लक्षात ठेवा

रजेचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी उत्तर मिळाले तर त्याच दिवशी "आपण असे सांगितले" असे लेखी कळवा. नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा. दाद न मिळाल्यास कामगार खात्याकडे तक्रार करता येते.

लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. लिंबू-पाण्याबरोबर चालेल. कामावर जाणाऱ्या आईने स्वच्छ वाटीत दूध काढून ठेवावे. साध्या खोलीत ते चार तासांपर्यंत टिकते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याआधीच वापरावे. फ्रिजमध्ये एक दिवस चालते. दोन आठवड्यांहून अधिक काळ रडू येणे, बाळाकडे पाहावेसेही न वाटणे, झोप उडणे असे होत असेल तर त्याला नखरे म्हणू नका, डॉक्टरांकडे घेऊन या.

आणि सासूबाई, मामंजी, यजमान यांना एक विनंती. "सोडून दे नोकरी" हा सल्ला सर्वांत सोपा असतो. त्याऐवजी दुपारी बाळाला ऑफिसपर्यंत नेऊन आणले तर सुनेची नोकरी आणि नातीचे दूध, दोन्ही टिकेल.

त्या ताईने अर्ज केला. वकीलच ती, अर्ज कसा लिहावा हे तिला मी काय सांगणार? सोबत मी नवे सर्टिफिकेट दिले. त्यात रक्तक्षय लिहिला, आणि पाजण्यासाठी दोन सुट्या आवश्यक आहेत हेही लिहिले. सुट्या आठवडाभरात मंजूर झाल्या. पगारवाढ दोन महिन्यांनी मिळाली, मागची थकबाकी मात्र अजून "विचाराधीन" आहे. हिमोग्लोबिन ११.२ वर आले. न घेतलेले पंधरा आठवडे तिला आता कोणी परत देऊ शकत नाही, मीही नाही.

आता माझ्याकडे कोणी कामावर जाण्याचे सर्टिफिकेट मागायला आली, की सही करण्याआधी मी एक प्रश्न विचारते, "बाई, तू स्वतः जाते आहेस की तुला बोलावले आहे?" उत्तर यायला थोडा वेळ लागला, की मी पेन खाली ठेवते.