मासुंद्याच्या काठी, कौपिनेश्वराच्या दारी

महाशिवरात्र चार दिवसांवर आली असता, एका रविवारी प्रातःकाळी आम्ही जुने ठाणे पायी पाहावयास निघालो. स्थळांची माहिती सांगणारे एक व्यासंगी गृहस्थ पुढे आणि त्यांच्यामागे आम्ही पंधरा-वीस जण. आमच्या शेजारच्या आजीही हट्टाने आल्या होत्या. दर सोमवारी कौपिनेश्वरास बेल वाहण्याचा नेम त्यांनी चाळीस वर्षे पाळला. परंतु येत्या चैत्रात मुलाचे बिऱ्हाड घोडबंदर रस्त्यावर जाणार असल्याने तो आता मोडणार होता. "देव पाहायला माहितगार कशाला लागतो?" असे मात्र त्यांनी निघतानाच विचारले होते.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी जेथे थांबली, ते ठाणे स्थानक आणि 1893 साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय ही स्थळे आम्ही उभ्याउभ्याच पाहिली. किल्ल्यापाशी मात्र पाय रेंगाळले. पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला हा किल्ला चिमाजीअप्पांच्या मोहिमेत, 1737 साली, मराठ्यांच्या हाती आला. आज तेथे कारागृह आहे. त्यामुळे भिंतीचे दर्शन घेऊनच मागे फिरावे लागते.

जांभळी नाक्यावरील फुलांच्या राशींमधून वाट काढीत आम्ही मासुंदा तलावाशी आलो. काठावर कौपिनेश्वर आणि थोड्याच अंतरावर सेंट जॉनचे चर्च. दोन्हीकडील घंटांचा नाद एकाच पाण्यावर उमटतो! शिलाहारांच्या काळी हे नगर श्रीस्थानक म्हणून विख्यात होते आणि देवस्थानाची परंपरा तेथवर नेली जाते. आजचे मंदिर मात्र सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी 1760 च्या सुमारास उभारले. ठाणे मराठ्यांकडे आल्यावर दोन तपे लोटण्याच्या बेतास हे कार्य सिद्धीस गेले. पुढे, इंग्रजी अमदानीत, 1879 साली गावातील हिंदू रहिवाशांनी वर्गणी जमवून त्याचा जीर्णोद्धार केला.

वर्गणीचा उल्लेख होताच आजी थबकल्या. "आमच्या सासऱ्यांचे आजोबा तेव्हा ह्याच आळीत राहात," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांनीही काही घातले असेल हो."

चाळीस वर्षे ज्या पायऱ्या त्यांनी नजर खाली घालून चढल्या, त्या पायऱ्यांवरून त्या आता हात फिरवू लागल्या. आम्हांस क्षणभर संकोच वाटला. माहिती टिपून घेण्याच्या नादात आम्ही देवास नमस्कार करावयाचेही विसरलो होतो.

गाभाऱ्यातील सुमारे 5 फूट उंचीचे ते भव्य लिंग समोर येताच बोलणे आपोआप थांबले. आजींनी पदराआडची पुडी सोडली आणि बिल्वपत्रे एकेक करून वाहिली. आवारातील शीतलादेवी आणि मारुती यांच्याकडे जाण्यासाठी मंडळी खोळंबली होती. "आजी, येता ना?" आम्ही विचारले.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या आणि नंदीशेजारी बसून राहिल्या.