जुन्या गाडीला नवं पेट्रोल पचेल का?

मैत्रिणींनो, दूध लागलं, गॅस सुटला, कुठे काही कुजलं, तर घरात सर्वांत आधी कळतं ते आपल्या नाकाला. गेल्या पावसाळ्यात आमच्या पोर्चमधून रोज सकाळी पेट्रोलचा वास येऊ लागला. हे म्हणाले, "काल टाकी भरून आणलीय, वास येणारच." चार दिवस मी गप्प बसले. पाचव्या दिवशी चहा ठेवताना एकदम जाणवलं, की पोर्चवर उघडणाऱ्या खिडकीखालीच आपली शेगडी आहे! चहा तसाच राहिला. गाडी सुरू करू दिली नाही आणि मिस्त्रींना घरीच बोलावलं.

आमची गाडी 2009 सालची. मिस्त्रींनी बॉनेट उघडून एका रबरी नळीवर बोट फिरवलं. नळी फुगून मऊ पडली होती आणि क्लिपेपाशी बारीक चीर गेली होती. "वहिनी, ही नळी जुन्या पेट्रोलची. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते हिला सोसत नाही." रबराचं वयही झालं होतं म्हणा, सगळा दोष इथेनॉलच्या माथी मारणं बरं नव्हे. माझं माहेर उसाच्या पट्ट्यातलं, त्यामुळे इथेनॉलला नावं ठेवली की आईचा फोन येतो!

इथेनॉल म्हणजे मळीपासून, उसाच्या रसापासून, मक्यापासून किंवा तांदळापासून केलेलं स्पिरिट. आपल्याकडे 2003 मध्ये पाच टक्क्यांनी सुरुवात झाली, 2022 च्या जूनमध्ये दहा टक्के झाले आणि 2025 मध्ये वीस. एप्रिल 2023 पासूनच्या नव्या गाड्यांचं रबर-प्लास्टिक हे पेट्रोल सोसेल असं असतं. प्रश्न आहे तो तुमच्या-माझ्या जुन्या गाड्यांचा.

तुम्ही म्हणाल, गाडी अॅव्हरेज कमी देते त्याचं काय? देते खरी. लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या जेमतेम दोन-तृतीयांश. वीस टक्के मिसळलं की जुन्या मोटारीत सहा-सात टक्क्यांची घट येऊ शकते, असं नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच आहे. मी हिशेबाच्या वहीत लिहून पाहिलं. आमची गाडी सोळा द्यायची, आता पंधरा देते. महिन्याला सहाशे किलोमीटर धरले तर अडीच लिटर जास्त. खुपतं, पण निदान कारण कळलं. "अर्ध्यावर आलं हो" म्हणणाऱ्यांनी आधी टायरमधली हवा आणि एअर फिल्टर पाहावा.

आता ट्यूनिंग. एक किलो पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन थोडं जास्त सोडायला हवं. पीठ बदललं की पाण्याचं प्रमाण बदलतं, तसंच. आमच्यासारख्या इंजेक्शनच्या गाडीत धुराच्या नळीतला सेन्सर ते हेरतो आणि गाडीचा संगणक आपणहून प्रमाण सुधारतो. तिथे कुणाला हात लावू देऊ नका. सासऱ्यांच्या जुन्या स्कूटरला मात्र कार्ब्युरेटर. ती सकाळी अडखळायची, गरम व्हायची. मिस्त्रींनी कार्ब्युरेटर साफ करून मिश्रण किंचित दाट केलं, तेव्हा ती ताळ्यावर आली.

मग शेजारचे भाऊजी म्हणतात तसं, ब्राझीलमध्ये कसं चालतं? तिथे 1975 पासून सरकारने हे काम हाती घेतलं, 1979 मध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणारी फियाट 147 निघाली आणि 2003 पासून कुठलंही मिश्रण चालवून घेणाऱ्या गाड्या आल्या. पण त्या मुळातच तशा घडवलेल्या. पंचाऐंशी टक्के इथेनॉलला इंधनच तीसेक टक्के जास्त लागतं. पंप आणि इंजेक्टर तेवढे मोठे हवेत, रबर वेगळं हवं, थंडीत इंजिन सुरू होण्याची सोय हवी. कित्येक गाड्यांत त्यासाठी पेट्रोलची छोटी टाकी निराळी असे. आपल्या गाडीत नुसतं ओतून चालायचं नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या आणि क्लिपा बदलल्या. नळी घेताना इथेनॉलला चालणारी आहे ना, हे दोनदा विचारलं. इंधनाचा फिल्टरही बदलला, कारण इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. टाकीच्या झाकणाचं रबर वाळलं होतं, तेही नवं घातलं. पावसाळ्यात याकडे दुर्लक्ष नको. इथेनॉल पाणी ओढतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात, आणि इंजिन आधी तळचंच ओढतं! गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. दुकानात ‘इथेनॉलवर उपाय’ म्हणून बाटल्या मिळतात. मी घेतली नाही. चिरलेली नळी बाटलीने सांधत नाही.

आणि पोर्चमध्ये वास आला, तर किल्ली फिरवू नका. शेगडी-देवघरातला दिवा बंद, तिथलं विजेचं बटण चालू-बंद करायचं नाही, मुलांना लांब न्यायचं आणि मिस्त्रींना फोन अंगणाबाहेर जाऊन करायचा. आमचे हे आता रात्री गाडी लावली की स्वतःच बॉनेटपाशी वाकून हुंगतात. सासूबाई हसतात, पण मी हसत नाही.