जुनी डिझेल गाडी : तिची निगा व तिचे विकार

भल्या पहांटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत जाऊन पाहावें, म्हणजे आपलें पुणें शहर कोणाच्या पाठीवर चालतें हें कळून येतें. पुरंदर, शिरूर इकडील भाजीपाला घेऊन येणाऱ्या लहान मालगाड्यांची तेथें रीघ लागलेली असते. त्यांपैकीं कित्येक गाड्या आमच्या विद्यार्थी वाचकांहून वयानें वडील असतात. अशीच एक जुनी पिक-अप आमच्या घरींही होती. आमच्या शाळेची फी तिनेंच भरली असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. अशा गाडीची निगा कशी राखावी, यासंबंधीं चार शब्द येथें लिहिण्याचें योजिलें आहे.

डिझेल हें नांव मूळचें एका माणसाचें. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें आपलें इंजिन यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. पुण्याशींही या इंजिनाचा संबंध जुना आहे. खडकी येथें किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं निघाली; आणि टेल्को कंपनीची टाटामोबाईल ही पिक-अप १९८८ सालीं बाजारांत आली.

पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगीनें पेट होतो. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. जुन्या लहान इंजिनांत दट्ट्या हवेला दाबून सुमारें विसाव्या हिश्शावर आणतो. सायकलींत हवा भरतांना पंपाचें टोक तापतें, हें सर्वांनीं अनुभविलेंच आहे. त्याचप्रमाणें ही हवा ५०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापते, व नोझलमधून तेलाचा फवारा तींत शिरतांच आपोआप पेट घेतो. यावरून हवा भरपूर व स्वच्छ हवी, दाब पुरा हवा, आणि तेल निर्मळ असून योग्य वेळीं पोहोंचलें पाहिजे, हें उघड होतें. इंजिनाचे बहुतेक विकार या तिहींपैकीं एकांत सांपडतात.

वैद्य नाडी पाहतो, तसा मेस्त्री धूर पाहतो. काळा धूर म्हणजे तेल जास्त व हवा कमी. प्रथम एअर फिल्टर धुळीनें भरला आहे काय तें पाहावें. मग नोझल व पंप तपासून घ्यावे. थंडीच्या सकाळीं थोडा पांढरा धूर येऊन नाहींसा होतो, त्याची चिंता नको. तो टिकून राहिल्यास तेल न जळतां बाहेर पडत आहे असें समजावें; आणि त्याबरोबर रेडिएटरांतील पाणीही घटत असेल, तर हेडचें गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइलच जळूं लागलें आहे.

एकदां टांकींत डिझेल थोडें आहे हें ठाऊक असूनही "पोहोंचूं कसेंबसें" म्हणून वडील व आम्ही मेथी भरून निघालों, आणि दिवेघाटांत गाडी बंद पडली. कॅनमधून डिझेल आणून घातलें, तरी ती सुरू होईना. वडील सेल्फ मारीत राहिले. बॅटरी उतरत चालली. इतक्यांत मागून आलेल्या एका ट्रकचा चालक खालीं उतरला व म्हणाला, "दादा, एअर काढली का?" त्यानें फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप दाबण्यास सुरुवात केली. प्रथम नुसता फेस आला; बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार लागतांच त्यानें स्क्रू आवळला. बॅटरीनें शेवटचा दम धरला आणि गाडी सुरू झाली! नळींत हवा शिरली म्हणजे पंपाचा जोर ती हवा दाबण्यांतच खर्च होतो व नोझल उघडत नाहीं, हें आम्ही त्या दिवशीं शिकलों. पैसे देऊं केले असतां त्या गृहस्थानें मेथीची एक जुडी तेवढी घेतली. बाजार मात्र हातचा गेला व माल निम्म्या भावानें द्यावा लागला.

तेव्हांपासून आमच्या घरीं एक नेम पडला. रोज सकाळीं, इंजिन थंड असतांना, ऑइल व रेडिएटरांतील पाणी पाहावयाचें आणि पट्टा दाबून बघावयाचा. दर आठवड्यास डिझेल फिल्टरच्या तळाशीं सांचलेलें पाणी सोडावयाचें. बॅटरीच्या टोकांवरील पांढरा क्षार पुसावयाचा. ऑइल व फिल्टर गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या मुदतींत बदलावयाचे. टांकी पावभागाखालीं जाऊं द्यावयाची नाहीं.

विद्यार्थ्यांनीं तीन गोष्टी विसरूं नयेत. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये. चालू इंजिनाच्या नोझलची नळी गळत असल्यास तेथें बोट लावूं नये, कारण तो फवारा कातडी भेदून आंत शिरतो. आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कधींही जाऊं नये.

गाडी एकाएकीं बिघडत नाहीं. ती धुरानें, आवाजानें, गळतीनें आधीं सांगत असते. तें ऐकण्यास रोजचीं पांच मिनिटें पुरेशीं होतात. दिवेघाटांत तीं पांच मिनिटें आम्हांस अर्ध्या मालाच्या किंमतीस पडलीं.